राजापूर साइडचा मुलांचा समुद्रकाठचा कॅम्प (पहिली ते चौथी), आमचे दोन दिवस

5 पैकी 4 स्टार देतेय. एक का कापला तेही खाली लिहिलंय, आयोजकांनी प्लीज शेवटपर्यंत वाचावं, कारण मला हा कॅम्प चालू राहायला हवाय.

आम्ही रत्नागिरीतच राहतो. लेक तिसरीत आहे, समुद्र घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं, तरी त्याला समुद्र म्हणजे वाळूचा किल्ला आणि भेळ एवढंच माहिती. शाळेत परिसर अभ्यास आहे, आनंददायी शनिवार आहे, बाई पण चांगल्या आहेत, पण एका बाईंनी 40 मुलं घेऊन खडपावर (ओहोटीला उघडा पडणारा किनाऱ्यावरचा कातळ) जायचं म्हणजे कसं जाणार, त्यांना मी दोष देत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हा दोन दिवस-एक रात्रीचा कॅम्प बघितला, नणंदेची पहिलीतली मुलगी पुण्याहून आलेलीच होती भाऊबीजेला, तिलाही घातलं. मुलामागे 2200 रुपये, जेवणखाण राहणं सगळं धरून, सोबत येणाऱ्या पालकाचे वेगळे 900. रत्नागिरीहून गाडीने साधारण दीड तास लागला, शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की मागे घ्यावी लागते, सकाळी लवकर निघा.

तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची का ठेवलीय ते मला आधी कळलं नव्हतं, मला वाटलं सुट्टी म्हणून. तिथं गेल्यावर कळलं. पोचल्या पोचल्या चहा-घावणे झाले (घावणे नारळाच्या रसात बुडवून, पुण्याच्या भाचीने चार खाल्ले, एरवी पोळीला नाक मुरडते) आणि मग होडीवाले आजोबा आले. वय सत्तरच्या पुढे असेल, सगळा जन्म मासेमारीत गेलेला. त्यांनी मुलांना ओटीवर बसवलं आणि विचारलं, आज तिथ कोणती? कोणालाच माहिती नाही. एक मुलगी हळूच म्हणाली, काल भाऊबीज होती. मग भाऊबीज म्हणजे कोणती तिथ? बीज म्हणजे द्वितीया. मग आज? तृतीया! बरं, मग आता तीनची पाऊणकी करा.

आता तिसरी-चौथीच्या मुलांना पाऊणकी कुठली माहिती, आम्हा आईबापांनाच येत नाही. आजोबांनी तिथेच म्हणून दाखवली, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. म्हणजे आज पाणी पूर्ण भरणार सव्वादोनला. त्यातून सहा तास मागे जा, सव्वाआठ. सव्वाआठला पाणी सगळ्यात खाली. आत्ता किती वाजले? पावणेआठ. चला, उठा.

इतकंच. ना पीपीटी ना व्हिडिओ, आणि मुलांना भरती-ओहोटी कळली. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे चाळिशीला आल्यावर कळलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी वरही जास्त चढतं आणि खालीही जास्त उतरतं, म्हणून खडप बघायचं तर त्याच दिवसांत जायचं, अष्टमीच्या सुमारास भांग (उधाणाच्या उलट) असतं तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. आणि नेमकी अमावास्या धरली तर ओहोटी पहाटे सहाला येते, लहान मुलांना तेवढ्या लवकर उठवून नेणं अवघड, म्हणून तीज-चौथ. ज्याने कोणी ही तारीख काढली त्याला माझा मनापासून नमस्कार.

खडपावर काय काय होतं ते सगळं लिहीत बसले तर रात्र होईल. कातळाला चिकटलेली कालवं, डबक्यांत समुद्रफुलं (हलकंसं बोट लागलं तरी मिटतात), बोटाएवढे मासे, खेकडे तर पावलापावलाला. कॅम्प घेणाऱ्या ताईंनी प्रत्येक गटाला सायकलची एक जुनी रिम दिली होती, ती कातळावर ठेवायची आणि फक्त तिच्या आत काय काय दिसतं ते बघायचं, मोजायचं, चित्र काढायचं. मला ही आयडिया प्रचंड आवडली. एरवी मुलं नुसती पळत सुटतात, हे बघ ते बघ, आणि काहीच बघत नाहीत, रिम ठेवल्यावर माझा लेक वीस मिनिटं एका जागी उकिडवा बसला होता, घरी जेवायला पण इतका बसत नाही. त्याच्या रिममध्ये 27 गोगलगायी निघाल्या, तीन प्रकारच्या, असं त्याने लिहिलंय, आणि त्यातली एक खरं तर शंखात घुसलेला खेकडा होता हे त्याला ती चालायला लागल्यावर कळलं.

नियम पण आधीच सांगितले होते, उलटवलेला दगड परत होता तसा ठेवायचा कारण खाली राहणाऱ्यांचं ऊन लागून मरण होतं, आणि आइस्क्रीमच्या कोनसारखा निमुळता शंख दिसला तर उचलायचा नाही, आतला प्राणी जिवंत असला तर विषारी डंख मारतो. हे घाबरवून नाही, नीट चित्र दाखवून सांगितलं.

आता तक्रार. वेबसाइटवर लिहिलंय बॅच 20 मुलांची. प्रत्यक्षात 34 होती. मोठी माणसं किती, तर ताई, दादा आणि आजोबा. पालक होतो पण आम्हाला कोणी काही काम सांगितलं नव्हतं, आम्ही आपले फोटो काढत होतो. शेवाळावरून भाची घसरली आणि कोपर कालवांच्या धारेवर घासलं, चांगलं सोलवटलं, रक्त यायला लागलं. फर्स्ट एडचा डबा कुठे, तर वर गाडीत. वर म्हणजे पंधरा मिनिटांची चढण. दादा धावत गेले, धावत आले, त्यांच्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही, पण तोपर्यंत मी माझ्या पिण्याच्या पाण्याने जखम धुऊन ओढणीचं टोक बांधून बसले होते, आणि पोर सहा वर्षांचं, आई जवळ नाही, कशी रडली असेल बघा. समुद्रातली जखम चिघळते, कालवाची तर जास्तच, हे इथं राहणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. डबा खांद्यावरच पाहिजे. आणि 34 मुलांना तीन माणसं खडपावर चालणार नाहीत, नाही म्हणजे नाही. पाणी फिरलं की कसं भराभर चढतं ते आजोबा स्वतःच मुलांना सांगत होते.

संध्याकाळी आम्ही पाचसहा पालक मिळून बोललो. ऐकून घेतलं, उलट उत्तर नाही, माफी मागितली, दुसऱ्या दिवशी गट पाडले आणि पालकांनाही जबाबदाऱ्या वाटून दिल्या. म्हणून चार स्टार, नाहीतर दोनच दिले असते.

दुपारी कशेळीच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) कातळशिल्प बघायला नेलं. हत्ती आहे तिथं, 18 मीटरच्या आसपास लांब, आणि त्याच्या पोटात बाकीचे कितीतरी प्राणी कोरलेले. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यात कशेळी पण आहे. जवळून काही कळत नाही, नुसत्या जांभ्यातल्या रेघा दिसतात, मग मुलांनी कडेकडेने चालत पावलं मोजली, कोणी सोंडेपाशी उभं राहिलं कोणी शेपटीपाशी, आणि एकदम सगळ्यांना हत्ती दिसला. ओरडलीच सगळी. पण वेळ चुकली हो. दुपारी तीनला सड्यावर झाड नाही, सावली नाही, ऑक्टोबर हीट अजून गेलेली नसते, दोन मुलांची डोकी दुखायला लागली. पाचला न्या ना. कनकादित्याच्या देवळात आधी बसवा, थंड वाटतं तिथं, मग उन्हं कलली की सड्यावर जा.

रात्री जेवण छान, काळ्या वाटाण्याची आमटी, भात, सोलकढी, तिखट न खाणाऱ्या मुलांसाठी वेगळी वरण-भाताची सोय. नंतर प्रोजेक्टर लावून नेचर क्विझ. याची खरंच गरज नाही, बाहेर तृतीयेची कोर केव्हाच बुडालेली, काळोख, आकाश चांदण्यांनी भरलेलं आणि आत मुलं पडद्यावर पेंग्विनचे फोटो ओळखतायत. क्विझनंतर वीस मिनिटं टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून वाळूवरचे खेकडे दाखवले त्यात मुलांना शंभरपट मजा आली, तेच तासभर करा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. रात्री दहा-साडेदहाला खोलीत झोपायची तयारी चाललेली आणि लेकाची चड्डी खुर्चीवरून हलली. खिशात शंख होता, सकाळचा नव्हे, संध्याकाळी उचललेला, आणि शंखात खेकडा. लेकाला रडूच फुटलं, त्याला वाटलं रिकामाय. मी ताईंना हाक मारली, म्हटलं अंगणात ठेवू का बादलीत, सकाळी सोडू. त्या म्हणाल्या नको, आत्ताच जाऊ. दिवसभर 34 मुलांमागे फिरून दमलेली बाई, चपला घालून निघाली. किनाऱ्यावर पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. मी म्हटलं टाक लांब पाण्यात, तर ताई म्हणाल्या, लांब नको, हा काठावरचा आहे, ज्या दगडाशी उचललास तो दगड आठवतो का? लेकाला आठवत होता. ओल्या दगडाच्या कडेला ठेवला, लाल उजेडात आम्ही तिघं गप्प बसून राहिलो, बराच वेळ काही नाही, मग आधी दोन मिशा, मग डोळे, मग पाय, आणि निघाला. लेकाने एक अक्षरही काढलं नाही. ताई त्याला ओरडल्या नाहीत की त्यांनी शिकवलं नाही काही, फक्त येताना विचारलं, किती पाय मोजलेस?

दुसऱ्या दिवशी चतुर्थी, म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी, हे मुलांनीच सांगितलं, आजोबांनी विचारायच्या आत. अर्धी मुलं होडीत, अर्धी खाडीच्या चिखलात, मग अदलाबदल. लाइफ जॅकेट प्रत्येकाला आणि मुलांच्याच मापाची होती, मी स्वतः पट्टे ओढून बघितले. खारफुटीत तिवराचं पान चाटायला सांगितलं, खारट लागतं, झाड खाऱ्या पाण्यातलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं ते असं जिभेला कळलं. कांदळाच्या लांब शेंगा झाडावरच रुजतात आणि मग खाली पडतात, तेही झाडाला लटकलेलं दाखवलं. पांढरी चिप्पी 2020 पासून आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे हे मला पण नवीन होतं.

आणि चिखलात निवट्या! मासा असून चिखलावर उड्या मारतो, हे मुलांना पटतच नव्हतं. त्याच्या शेजारी ते एकच नांगी मोठी असलेले खेकडे. आपण हललो की सगळे बिळात, आणि चिखल रिकामा. आजोबा म्हणाले, आता झाडागत बसा. त्या दिवशी गटात नऊच मुलं होती म्हणून जमलं, नऊ मुलं पाच मिनिटं खरंच झाडागत बसली. आधी एक वर आला, मग दहा, मग चिखलभर नांग्या वर-खाली हलायला लागल्या, जणू सगळे आपल्यालाच बोलावतायत. भाचीने बांधलेलं कोपर हळूच वर केलं आणि तसंच हलवून दाखवलं त्यांना. 34 मुलांत हे होणं शक्यच नाही. पहिल्या दिवशी माझ्या लेकाने डबक्यापेक्षा पुढच्या मुलांच्या पाठीच जास्त बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी जे बघितलं ते तो अजून सांगतोय, फरक फक्त संख्येचा.

बाकी किरकोळ. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या वाटल्या, निसर्ग कॅम्पमध्ये तरी नको, घरून बाटल्या आणायला सांगा, विहिरीचं पाणी उकळून भरून द्या. बाथरूम स्वच्छ होती. रेंज फक्त ओटीच्या कोपऱ्यात येते. कासवं बघायला मिळतील म्हणून या महिन्यात जाऊ नका, पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात, आम्हाला बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतं, खोटं आमिष दाखवलं नाही हे आवडलं.

न्यायचं काय: मागे पट्टा असलेले रबरी सँडल (स्लिपर अजिबात नको, चिखलात राहतात), टोपी, फुल बाह्यांचा जुना शर्ट, दोन जादा चड्ड्या, आणि स्वतःची फर्स्ट एडची पिशवी, ती खांद्याला. पहिलीच्या मुलांबरोबर एक पालक हवाच, चौथीची एकटी राहू शकतील.

आयोजकांना एकच विचारायचंय, पुढच्या बॅचला 20 म्हणजे 20 च घेणार का, ते इथेच रिप्लाय करून सांगा. लेकाने कालनिर्णय भिंतीवरून उतरवून पौर्णिमेनंतरच्या तृतीयेवर पेन्सिलीने गोल केलाय आणि बाजूला सव्वादोन लिहिलंय. रविवार येतोय. तुमचं उत्तर आलं की पैसे भरते.