लाकडी ठोकळ्याचा शिक्का की पारदर्शक?

वसईच्या वहिनींना नाताळसाठी चाळीस कार्डं करायचीत, शिवाय कलकलांच्या, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड फराळाच्या, खाकी कागदी पिशव्यांवरही नक्षी हवी. लाकडी ठोकळ्यावरचा रबरी शिक्का घ्यावा की अॅक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवायचा पारदर्शक, इथे त्यांचं घोडं अडलंय.

नेमक्या जागी छापायचं तर पारदर्शकच. आरपार दिसतं, त्यामुळे चांदणी बरोबर गोठ्याच्या वर पडते. लाकडी शिक्क्याने माझी चांदणी एकदा गाढवाच्या कानावर उतरली होती! मात्र नवा पारदर्शक शिक्का शाई नीट धरत नाही, तिचे थेंब होतात. आधी त्यावर खोडरबर हलकेच फिरवायचं.

टिकाऊपणात रबर पुढे. पारदर्शक उन्हात पिवळा पडतो, जोरात दाबला तर बारीक रेघा फिसकटतात. काचेवर, प्लास्टिकवर चालणारी स्पिरिटची शाई रबर सोसतं. पारदर्शकाला ती लावू नका.

खर्चात पारदर्शक संच एका चित्रामागे स्वस्त पडतो, आणि अॅक्रिलिकचा तुकडा सगळ्या चित्रांना एकच. जागाही कमी, संच वहीत मावतो.

खाकी पिशवीवर मात्र खरा खेळ शाईचा. साधी शाई कागदात मुरून मळकट दिसते. पांढरी पिगमेंट शाई, म्हणजे कागदात न मुरता वर बसणारी, उठून दिसते, पण रात्रभर वाळू द्यावी लागते. आणि पिशवी भरायच्या आधीच छापा.

म्हणून वहिनींना सांगितलं: कार्डांवर देखावा जुळवायचाय, तिथे पारदर्शक. पिशव्यांवर एकच चांदणी धडाधड उठवायची, दरवर्षी, पोरांच्या हातूनही, तिथे लाकडी.