जुन्या बंगल्याचं टेराकोटा नक्षीकाम गॅलरीत लावलं, पावसाळ्यानंतरचा रिपोर्ट

चोर बाजारात मटण स्ट्रीटवरून पाडलेल्या बंगल्याचे दोन टेराकोटा पॅनल आणि कौलारू छपराच्या टोकावर असतो तसला एक मातीचा कळस घेतलेला, उन्हाळ्यात गॅलरीत बसवला, आता दिवाळी तोंडावर आलीय म्हणजे अख्खा पावसाळा झेलून झालाय म्हणून लिहितोय.

दिसायला तर भारीच. पॅनलवर कमळ आहे, माल साच्यातलाच पण ओला असताना कोणीतरी पाकळ्यांच्या कडा हाताने कोरून साफ केल्यात, खाचेत बोट फिरवलं की कळतं. कळस देताना विकणारा छातीठोक सांगत होता की थेट इंग्लंडवरून आलेला माल आहे साहेब, आणि बुडाला शिक्का बासेल मिशनचा! त्या स्विस मिशनवाल्यांनी मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पहिल्या महायुद्धानंतर तो दुसऱ्या कंपनीकडे गेला, त्यामुळे वस्तू त्याआधीची धरायला हरकत नाही.

आता तक्रार. एका पॅनलच्या पाठीला जुनं सिमेंट चिकटलेलं होतं आणि नेमका तोच ऑक्टोबर हीटमध्ये पांढरा पडायला लागला. पावसात पाणी मुरतं, मग सुकताना आतला खार वर येतो आणि कण फुगून वरचा पापुद्रा उडवतो, एका पाकळीचं टोक तसंच गेलं. ॲसिडने धुवा म्हणणारे भेटतील, अजिबात ऐकू नका, भट्टीत तयार झालेली वरची कडक साय जाते आणि मग पाणी आणखीच मुरतं. मी कोरड्या ब्रशने झाडून साध्या पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा थापतो, सुकला की खार घेऊन निघतो, पुन्हा थापायचा. कटकट आहे पण फरक पडतो.

गवंडी सिमेंटमध्येच गाडायला निघालेला, त्याला आवरलं. स्टीलच्या पिना आणि चुना, बस. उद्या आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर अख्खं काढून नेता येईल.

घेताना पुढची नक्षी नंतर बघा, आधी उलटं करा. पाठीला गंजलेली लोखंडी पट्टी असेल तर सोडून द्या, गंज फुगून माती फोडतो. आणि बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर आत तडा आहे.

कळसाला मात्र काहीच झालेलं नाही, वर थोडं शेवाळं, तेवढंच. गॅलरी पश्चिमेला उघडी असेल तर कळसच घ्या, पॅनल हॉलमध्ये लावा.