मुरूड की मालवण: जलदुर्ग पाहायचा, तर मुक्काम कोठे करावा?

जलदुर्ग पाहण्यासाठी मुरूडला जावे की मालवणला, हा प्रश्न कोकणात पहिल्यांदाच निघालेल्या कुटुंबासमोर हमखास उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा दोन किल्ल्यांची तुलना करून शोधले जाते. मुरूडचा जंजिरा अखेरपर्यंत अजिंक्य राहिला आणि मालवणचा सिंधुदुर्ग खुद्द शिवछत्रपतींनी उभारला, त्यामुळे किल्ल्यांच्या मोठेपणावरून निकाल लावू गेल्यास वाद संपत नाही. प्रत्यक्षात किल्ल्यात आपण पाऊण ते एक तास असतो आणि बाकीचे दिवस किनाऱ्यावरच्या गावात काढायचे असतात. म्हणून किल्ल्याआधी गाव निवडावे, असे माझे मत आहे.

अंतराचा मुद्दा आधी निकालात काढू. मुंबईहून मुरूड रस्त्याने सुमारे १६५ किलोमीटर आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवली, तर पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद असा समुद्राला लागून जाणारा रस्ता मिळतो. शनिवार-रविवारची सहल त्यात बसते. मालवण मात्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडे असल्याने तेथे दोन दिवसांसाठी जाण्यात अर्थ नाही. रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरावे आणि तेथून सुमारे तीस किलोमीटरवरचे मालवण एसटीने किंवा रिक्षाने गाठावे, हा जुना मार्गच आजही सोयीचा आहे. मालवणजवळचा चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला असला, तरी विमाने आहेत की नाहीत याची खात्री करूनच बेत आखावा.

खरा फरक होडीत बसताना कळतो. जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या मुरूड गावातून सुटत नाहीत, तर गावाच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर असलेल्या राजपुरीच्या बंदरातून सुटतात, आणि हे ठाऊक नसल्याने अनेकांची सकाळ मुरूडच्या वाळूवर चौकशी करण्यात जाते. पलीकडच्या तीरावरील दिघीहूनही होड्या मिळतात. श्रीवर्धन-दिवेआगरकडून येणाऱ्यांना तेच सोयीचे पडते. राजपुरीच्या शिडाच्या होडीचे सुख वेगळेच आहे: खलाशी शीड ओढून बांधतात, वारा भरला की इंजिनाचा आवाज नसलेली होडी एका अंगाला किंचित कलते आणि समोरचा काळा तट हळूहळू उंच होत जातो. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो दिसतो तेव्हा होडी पायऱ्यांपाशी आलेली असते आणि तिथेच या सहलीतला सर्वांत अवघड क्षण येतो. लाट होडीला वर उचलते, खलाशी दंड धरतो, ‘आता’ म्हणतो आणि त्याच क्षणी शेवाळलेल्या पायरीवर पाऊल टाकावे लागते. एक लाट चुकली, तर पुढच्या लाटेची वाट पाहावी. तरुणांना याची गंमत वाटते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या आईला ती वाटेलच असे नाही.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणारी होडी इंजिनाची असते आणि दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवते. उतरणे पुष्कळच सोपे आहे. प्रवास रंगतदार नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र आजी-आजोबा बरोबर असतील, तर एवढ्या एका कारणासाठी मालवण निवडावे.

किल्ल्यात काय पाहायला मिळते, हेही अपेक्षेवर अवलंबून आहे. जंजिरा आज निर्मनुष्य आहे. १९४८ मध्ये सिद्दींचे जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले आणि आतली वस्ती कालांतराने उठून गेली. एकोणीस बुरूज, कलाल बांगडीसारख्या अजस्र तोफा, चहूबाजूंना खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आणि दरवाजावरचे हत्तींना पंजांत धरलेल्या वाघाचे शिल्प, असा हा ऐवज मनावर दडपण आणतो. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचा प्रयत्न केला होता; बुरुजावरून राजपुरीच्या किनाऱ्याकडे पाहताना त्या धाडसाचा अंदाज येतो. परतीच्या होडीची वेळ साधारण पाऊण तासाने असते आणि एवढ्यात सगळा किल्ला होत नाही. वाटाड्याच्या गोष्टी ऐकत पहिल्या चौकात रेंगाळण्यापेक्षा आधी तटावर चढून जावे.

सिंधुदुर्ग याच्या उलट नांदता आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर बांधकामाला आरंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांत ४८ एकरांच्या या बेटाला नागमोडी तट पडला. इथलाही दरवाजा दुरून दिसत नाही. आत आजही काही कुटुंबे राहतात. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात पूजा होते, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे जपलेले आहेत, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींचे पाणी गोड आहे. ज्यांना रिकाम्या तटबंदीत इतिहास शोधण्याचा कंटाळा आहे, त्यांना इथे घरासमोरची तुळस आणि कोकम सरबताचा पेला भेटतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थळांत सिंधुदुर्ग आहे, जंजिरा नाही. परंतु जंजिरा मराठ्यांकडे कधी आलाच नाही, हे लक्षात घेता त्यावरून दोहोंचे मोल ठरवू नये.

किनाऱ्यावरच्या दिवसांचा हिशेब मांडला, तर मालवणचे पारडे निःसंशय जड आहे. तारकर्लीची वाळू, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथले देवबाग, पाण्याखालचे प्रवाळ, धक्क्याजवळचा मोरयाचा धोंडा हा कोरीव खडक आणि बाजारातले गूळ-आल्याचे खाजे यांत तीन दिवस सहज जातात. वडे-सागोती आणि सोलकढीसाठी खाणावळीत थांबावे लागले, तरी तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. स्कूबाचा बेत असेल, तर पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नये, कारण पाणी गढूळ असते. नाताळच्या आठवड्यात मात्र मालवण टाळावेच. धक्क्यावरची रांग आणि खोल्यांचे भाव पाहता तेव्हाची सहल सुखाची होत नाही.

मुरूड हे त्या मानाने शांत, थोडे पेंगुळलेले गाव आहे. किनारा लांब आहे, समोर पद्मदुर्ग दिसत राहतो, राजपुरीजवळच्या खोकरी येथे सिद्दी राज्यकर्त्यांचे नक्षीदार मकबरे आहेत आणि मागच्या डोंगरात फणसाडचे अभयारण्य आहे. पद्मदुर्गाला नियमित होडी नसल्याने स्वतंत्र ठरवावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर इथे फारसे काही करायचे उरत नाही, आणि काही जणांना नेमके तेच हवे असते.

दोन्हीकडे एक नियम सारखाच आहे: मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत होड्या बंद असतात, आणि इतर दिवसांतही वारा वाढला की फेऱ्या थांबतात. मालवणात होडी चुकली, तरी दिवस वाया जात नाही. मुरूडला केवळ जंजिऱ्यासाठी गेलेल्यांची मात्र निराशा होते, म्हणून तेथे पोहोचल्यावर किल्ला पहिल्याच सकाळी उरकावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. होडीत चढणे ज्यांना जमणारच नाही, त्यांना मुरूडहून राजपुरीला उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवून द्यावी. तेथून खाडीच्या तोंडाशी बसलेला अख्खा जंजिरा एका नजरेत दिसतो, आणि सकाळचे ऊन तटावर असताना तो होडीतून दिसतो त्याहून मोठा वाटतो.