कार्बन गाडायचा कुठे: क्वार्ट्झच्या वालुकाश्मात की ज्वालामुखीजन्य?

कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीखाली साठवण्यासाठी खडक निवडण्याच्या कामात मी बरीच डोकेफोड केली आहे. शेवटी माझं मत ज्वालामुखीजन्य कणांनी भरलेल्या वालुकाश्माकडे झुकलं. स्वच्छ क्वार्ट्झचा (गारगोटीच्या खनिजाचा) वालुकाश्म वाईट आहे असं मुळीच नाही. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर या नॉर्वेच्या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात वायू सोडायला सुरुवात झाली आणि बरीच वर्षं दरवर्षी सुमारे दहा लाख टन वायू त्यात मुरला. खडक इतका मोकळा असला की पंपाला फार त्रास नसतो.

मला खटकलं ते त्यानंतरचं. वायू पाण्यात विरघळून कार्बनी आम्ल बनतं, पण क्वार्ट्झ त्याला दादच देत नाही. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, लोह सुटलंच नाही, तर कार्बोनेट, म्हणजे वायू कायमचा बांधणारं घन खनिज, बनणार कशाचं? थोडा वायू पाण्यात विरघळतो, थोडा छिद्रांत अडकतो, पण उरलेला वरच्या अभेद्य थराला टेकून बसतो. मी मॉडेल कितीही शतकं पुढे पळवलं तरी तो आपला तिथेच. आणि दर बैठकीत तेच दोन प्रश्न: वरचा थर धरेल ना, आणि आसपासच्या जुन्या बंद विहिरींचं काय? पंप थांबला तरी देखरेख संपत नाही. याला मी खरोखर कंटाळलो.

मग थेट बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडकच का नाही? आइसलँडमध्ये हेल्लिशेइदीला २०१२ मध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांत खनिज झाला. पण त्या पद्धतीत वायूच्या टनामागे सुमारे २५ टन पाणी लागतं, आणि बेसॉल्टमधल्या भेगा कुठे नेतील याचा नेम नाही.

ज्वालामुखीजन्य वालुकाश्मात छिद्रं वाळूची आणि रसायन बरंचसं बेसॉल्टच्या वळणाचं. जपानमधल्या नागाओकाला २००३ ते २००५ दरम्यान अशाच खडकात सुमारे १०,४०० टन वायू सोडला. नंतर काढलेल्या पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, लोह वाढलेलं दिसलं, म्हणजे खडक विरघळू लागला होता. मधेच २००४ चा ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तरी गळती आढळली नाही. (ते श्रेय मात्र वरच्या थराचं, खनिजांचं नव्हे.)

आइसलँडचा दोन वर्षांचा हिशोब इथे लावू नये. इथलं काम बरंच संथ. शिवाय या खडकात चिकणखनिजं (चिकणमातीतली खनिजं) आणि झिओलाइट नावाची खनिजं छिद्रांची तोंडं बुजवतात, वायू आत ढकलताना दाब चटकन चढतो, आणि गोडं पाणी लागलं की स्मेक्टाइट हे चिकणखनिज फुगतं. प्रयोगशाळेत या नमुन्यांनी मला पुरतं वैतागवलं आहे. तरीही हा त्रास सुरुवातीचा, विहिरी वाढवून निभावता येण्यासारखा. क्वार्ट्झचा त्रास मागे उरणारा.

तुमचा वायू मोठ्या प्रमाणात आणि घाईने मुरवायचा असेल, तर क्वार्ट्झच बरा, हे मान्य. नाहीतर आधी खडकाचा पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा काप) पाहा. प्लॅजिओक्लेज (कॅल्शिअम असलेलं खनिज) आणि ज्वालामुखी काच ताजी असेल तर पुढे जा. ती आधीच चिकणमातीत बदलली असेल, तर नुसत्या नावाला भुलून तो खडक घेऊ नका.