वाळूजची सामाईक लॅब: सीएमएम भाड्यानं घ्या, पण जॉब गार करून न्या

छोट्या मशीन शॉपनं सीएमएम (सुट्या भागांची मापं बारकाईनं तपासणारी कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन) विकत घ्यायची, तिच्यासाठी एसी खोली बांधायची आणि आठवड्यातले चार दिवस ती झाकून ठेवायची, यात काही अर्थ नाही. वाळूज एमआयडीसीतल्या मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या सामाईक केंद्राची किंमत इथंच कळते: यंत्र एक, खर्च अनेकांत वाटलेला.

घोळ होतो तो बहुतेक वेळा जॉब, म्हणजे मोजायचा भाग, नेणाऱ्याकडूनच. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश. मे महिन्यात टेम्पोतून उतरलेला जॉब सहज 40 अंशांचा. स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. म्हणजे 200 मिमीचा शाफ्ट 46 मायक्रॉननं लांब दिसणार. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 20 मायक्रॉनचा असेल तर चांगला माल रिजेक्ट! ॲल्युमिनियम तर जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून जॉब आदल्या संध्याकाळीच द्या, रात्रभर लॅबच्या तापमानात राहू द्या. बर (कडांवर राहिलेली धातूची कुसळं) काढा, तेल पुसा. ड्रॉइंगवर डेटम (माप जिथून धरायचं तो संदर्भ) नसला की ऑपरेटर अंदाजानं धरतो आणि ग्राहकाच्या रिपोर्टशी मेळ बसत नाही.

अशा केंद्रात थ्रीडी प्रिंट काढायची असेल तर डिझाइनची स्टेप फाइल न्या, तिच्यात गोलाई जशीच्या तशी राहते; एसटीएल फाइल आकार छोट्या त्रिकोणांत मांडते, ती जाडसर काढली की गोल भोक बहुकोनी होतं.

सामाईक म्हटलं की नंबर लागणारच. पीपॅपची (उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाकडून भागाला घ्यायच्या मंजुरीची) तारीख जवळ असेल तर स्लॉट आधीच घेऊन ठेवा.