जाम झालेला बोल्ट: तेल, गॅस, इम्पॅक्ट की सरळ ग्राइंडर?

मालवण, रत्नागिरी, अलिबाग या पट्ट्यात ज्यांच्याकडे अजून जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी आहे त्यांना माहितीच असेल, गाडीखालचा बोल्ट नुसता पाना लावून निघेल याची काही खात्री नसते. खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, मग आट्यांत गंज धरतोच, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो त्यामुळे नट आणि बोल्टमधली बारीकशी फट ठासून भरते. त्यात पान्याला पाइप घालून जोर केला की बोल्ट फिरायच्या ऐवजी पिळवटून तुटतो.

उपाय निवडायच्या आधी दोनच गोष्टी बघा, बोल्टच्या शेजारी काय आहे आणि तो तुटला तर किती महागात पडेल. सायलेन्सरच्या क्लॅम्पचा बोल्ट तुटला तर तुटला, नवा टाकायचा. पण इंजिनच्या हेडमधला तुटला तर ड्रिल, टॅप, लेथवाला, सगळं मागे लागतं.

तेल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी धोक्याचं. डब्ल्यूडी-४० घराघरात आहे, पण तो साधा निळा-पिवळा डबा मुळात ओलावा घालवायला बनवलेला आहे, नावातले डब्ल्यूडी म्हणजे तेच, पाणी हटवणारा. हलक्या गंजाला चालतो. जास्त जाम असेल तर खास गंज सोडवायचा स्प्रे घ्या, नाहीतर एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं, हे मिश्रण लगेच वेगळं होतं म्हणून दरवेळी हलवून घ्यायचं आणि पेंटवर सांडू द्यायचं नाही. गॅरेजात डिझेल मारतात, तेही मुरतं पण जरा हळू. काहीही वापरा, आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, नाहीतर तेल वरच्या चिखलातच राहतं. संध्याकाळी मारा, रात्री झोपताना परत मारा, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे आठ-दहा नेमके ठोके द्या, त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरतं. आणि पहिला झटका सोडायच्या दिशेला देऊ नका, किंचित आवळायच्या दिशेला द्या, गंज तिथेच कटकन सुटल्याचं हाताला कळतं. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल मारा, असं पुढेमागे करत काढा.

इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट-बोल्ट फिरवणारं यंत्र, तिच्याबद्दल लोकांना उगाच भीती आहे की ती बोल्ट तोडते. जाड बोल्टला तर ती लांब पाइपपेक्षा बरी, कारण सलग पीळ देत बसण्याऐवजी छोटे छोटे धक्के देते. चाकाचे नट, सस्पेन्शनचे १२ किंवा १४ च्या पान्याचे बोल्ट, इथे बिनधास्त. पण १० च्या पान्याचा बारीक ६ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर गन ठेवून द्या, तो कधी गेला ते कळणारही नाही. गोटी (सॉकेट) मात्र सहा कोनांची आणि इम्पॅक्टचीच काळी घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते, आणि कोपरे गेले की निम्मे उपाय तिथेच बाद.

आता गॅस, म्हणजे ज्योतीने तापवणं. खूप जाम झालेल्या जाड बोल्टला मी तेलाच्याही आधी गॅस म्हणेन, अर्थात जागा मोकळी असेल तर. नट तापवायचा, बोल्ट नाही. १० मिलिमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर साधारण ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं, ऐकायला काहीच नाही पण गंजाची पकड सुटायला पुष्कळ आहे. गरम असतानाच आट्यांना मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. पण पेट्रोल टाकी, पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे होस, रबरी बुश यांच्या आसपास ज्योत नेऊच नका. तेलाचा स्प्रे मारला असेल तर पुसून वाळू द्या, ब्रेक क्लीनर मारला असेल तर गॅस नकोच, काही क्लीनर तापले की फार विषारी वायू सोडतात. आणि लाल झालेला ८.८ चा (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) बोल्ट परत बसवायचा नाही, त्याची ताकद गेलेली असते.

८०० च्या हेडमध्ये जाणारे बोल्ट वेगळं प्रकरण आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा, तिथे गंजाबरोबर पांढरी पूडही धरते. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं म्हणून थोड्या उष्णतेनेही काम होतं, हीट गन पुरे. वेल्डिंगवाल्याची ज्योत नको, शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडचं मिश्रधातू त्याही आधी, आणि वितळायच्या आधी लाल होत नाही, त्यामुळे अंदाज येत नाही. इथे दोन दिवस लागले तरी लागू द्या.

ग्राइंडरने बोल्ट कापला म्हणजे हार मानली असं काही नाही. पुढच्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला चिकटतो, वरून नट निघतो पण बोल्ट बुशसकट रबर पिळत फिरत राहतो. तिथे तेल, ठोके यात दिवस घालवण्यापेक्षा बुश नवं टाकायचंच आहे असं धरून दोन्ही बाजूंनी कापा. गॉगल हवाच. आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावूनच, कारण जाम बोल्टवर जोर लावताना अख्खी गाडी हलते.

कापायच्या आधी नवा बोल्ट हातात असू द्या, आणि तो स्पेअर पार्टच्या दुकानातूनच. हार्डवेअरवाल्याकडचा साधा १० मिलिमीटरचा बोल्ट १.५ च्या आट्याचा असतो, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर, मारुतीत १.२५ चा लागतो, दिसायला सारखाच दिसतो, एक-दोन आटे आत जातो आणि तिथे अडकतो.