१०० मीटरचा फायबरग्लास टेप: समुद्रकाकड्या मोजणाऱ्यांनी घ्यावा का?

मी प्रवाळखडकांवर समुद्रकाकड्यांची, म्हणजे समुद्रतळावर राहणाऱ्या काकडीच्या आकाराच्या मऊ प्राण्यांची, गणती करते. तळावर टेप अंथरायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर बघत पोहायचं, दिसेल ती काकडी पाटीवर लिहायची. उघड्या रिळाचा हा टेप तीन हंगाम वापरून झाला आहे.

रीळ उघडं आहे हीच यातली मोठी सोय. बंद डबीत वाळू गेली की आतल्या आत पट्टी खरवडत राहते. इथे ती बोटाने निघते. वर आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून हँडल फिरवलं की काम झालं. पिवळ्या पट्टीवरचे काळे आकडे गढूळ पाण्यातही वाचता येतात. पहिल्या दोन-तीन मीटरचे पुसट झालेत, कारण ते टोक मी दर वेळी मेलेल्या प्रवाळाला बांधते.

खरी अडचण वजनाची. पट्टी इतकी हलकी आहे की आडव्या प्रवाहात मधोमध उचलली जाते आणि सरकते. मघाशी हद्दीत असलेली काकडी परत बघावं तर बाहेर! आता दर २० मीटरवर मी शिशाचं छोटं वजन अडकवते, आणि कडेच्या काकडीसाठी मीटरभर पीव्हीसीची काठी आडवी धरते. अर्ध्याहून जास्त अंग आत असेल तरच मोजायची.

एवढा काटेकोरपणा का? १०० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा म्हणजे २०० चौरस मीटर. असे २० पट्टे केले तरी अर्धा हेक्टरसुद्धा भरत नाही. त्यात एक काकडी चुकून जास्त धरली की हेक्टरी सरासरी अडीचने वाढते, आणि ४०० हेक्टर खडकावर तीच एक काकडी १,००० होते. मग कोणीतरी त्या हजारांतून पकडीचा कोटा ठरवतं. या प्राण्यांची अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात. नर-मादी फार विरळ झाले तर अंडी आणि शुक्राणू एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून कोटा सरासरीवर न काढता अंदाजाच्या खालच्या मर्यादेवर काढावा, आणि त्याचाही लहानसाच हिस्सा उचलावा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

रिकामे पट्टेही लिहा. समजा दहांपैकी आठ पट्ट्यांत शून्य, उरलेल्या दोनांत मिळून चार. खरी घनता हेक्टरी २०. शून्यं गाळली की तीच १०० दिसते.

लांबी मोजायला मात्र हा टेप काढू नका. काकडीला हात लागला की ती आखडते, आकडा काहीही येतो. सँडफिश (नावात फिश असली तरी ही समुद्रकाकडीचीच एक जात) मोजायची असेल तर वेळही सांभाळा, दिवसाचा काही काळ ती वाळूत पुरलेली असते आणि कुठल्याच टेपला दिसत नाही.

टेप जरूर घ्या, जोडीने दोन घ्या. हँडलचा रिव्हेट पहिल्याच हंगामात गंजतो, तिथे आधीच नायलॉनचा बोल्ट बसवून टाका.